नवमीच्या पानावर मंचुरियन

अविधवा नवमीला सवाष्ण मिळत नाही, हे मला बायको गेल्यावर कळलं. बेबा होती तोवर ती स्वतःच सवाष्ण होती. पितरपाटात गल्लीतून तिला बोलावणी यायची. नवमीला जेवून आली की ती जमिनीवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "लोकांच्या मेलेल्या बायकांनी आज मला मारलं." आता ती स्वतः गेलेली, आणि तिच्या नावाने जेवायला कोणी मोकळं नव्हतं.

ज्या बाईला नवऱ्याच्या आधी मरण येतं तिचं पितर नवमीला असतं. त्या दिवशी नवरा जिवंत असलेली बाई घरी बोलवायची, तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, पोटभर जेवू घालायचं. ती जेवली की गेलेली जेवली. यात अवघड काही नाही. अडचण एवढीच की नवमी सगळ्या घरांची एकाच दिवशी येते, आणि धुळ्यात आमच्या देवपूरच्या कॉलनीत माझ्यासारखी माणसं बरीच झाली आहेत.

बेबा गेल्या वर्षी श्रावणात गेली. या श्रावणात वर्षश्राद्ध झालं, आणि भाद्रपदात तिची पहिली नवमी आली. मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. ती जेवली पाहिजे. बाकी विधी कसेही होवोत. आयुष्यभर ती सगळ्यांच्या मागून जेवली, निदान या दिवशी तिचं पान भरलेलं असावं आणि रिकामं होऊन उठावं.

माझी सून पुनम हिने सगळ्यात आधी कोकिळा वहिनींना विचारलं. कोकिळा वहिनी म्हणजे कॉलनीतली पहिल्या नंबरची सवाष्ण. कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, आणि कोणाच्याही स्वयंपाकाला नाव ठेवत नाहीत. त्यांचे यजमान नाशिकला असतात. कामासाठी असतात असं त्या सांगतात. तिथे त्यांचा दुसरा संसार आहे आणि मुलीच्या लग्नानंतर ते इकडे फिरकलेले नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते जिवंत आहेत, आणि नवमीला तेवढंच लागतं.

वहिनी म्हणाल्या, "पुनम, तीन घरं आधीच आहेत गं. बेबाबाईंसाठी मी चौथ्या घरी येईन, पाटावर बसेन. पण खीर नुसती बोटाला लावीन. चालेल का विचार."

पुनमने फोनवर माझ्या बहिणीला विचारलं. तानुअक्का माझ्यापेक्षा मोठी, भडगावला असते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या घरातलं लग्न असो की मयत, निकाल तिचा.

"बोटले लावाले बेबा काय माशी शे?" अक्का म्हणाली. "मी येस. मी पाहास."

आणि ती एसटीने आली. सोबत वड्यांसाठी उडदाची डाळ आणि लाल भोपळ्याचं एक अख्खं डांगर. मी एसटीत ड्रायव्हर होतो, तरी माझ्या बहिणीला फुकट काही नको असतं, पण डांगराला तिकीट लागत नाही याचा तिला दरवेळी आनंद होतो.

अक्काने पान ठरवलं. खीर, कढी, वडे, डांगराची भाजी, गवार, भजी. मी म्हणालो, "मंचुरियन बी ठेवूत."

अक्काने पुनमकडे पाहिलं. "ते काय शे?"

"कोबीची भजी असतात आत्या," पुनम म्हणाली. "रश्शात सोडलेली."

"मंग फुनकाच ना ते. कढीमा टाकतस तसा. चिना लोकेस्नी नवं काय करं त्यामा?" मग तिला पुढची शंका आली. "कांदा-लसूण ऱ्हास का?"

"बिनकांद्या-लसणाचं पण मिळतं. जैन मंचुरियन."

"चिनमा जैन कोठला?"

"अक्का, दुकान चिनी माणसाचं नाही," मी म्हणालो. "रत्नाचं आहे. वरणगावची आहे ती."

"मंग नाव चिननं कसाले?"

दुकानाचं नाव शांघाय चायनीज. आत तीन टेबलं, लाल प्लास्टिकची स्टुलं, आणि भिंतीवर एक ड्रॅगन. पेंटरने आयुष्यात फक्त घोरपड पाहिलेली असावी, ड्रॅगन तसाच आहे, नाकातून मात्र जाळ निघतो. मी रिटायर झाल्यावर बेबाबरोबर बाजाराला जायला लागलो. एकदा परत येताना तिचे गुडघे नेमके त्या दुकानासमोर थांबले. ती स्टुलावर बसली. कोणाच्या स्टुलावर फुकट कसं बसायचं म्हणून मी एक प्लेट सांगितली. बेबाने पहिला घास खाल्ला आणि कढईवरच्या बाईला हाक मारली. "बाई, कोबी जाड चिरलाय."

मला वाटलं आता भांडण. पण रत्ना कढई सोडून आली आणि म्हणाली, "किती बारीक पाहिजे, दाखवा ना काकू."

त्यानंतर दर बाजाराला आम्ही तिथे बसायचो. एक मंचुरियन, एक फ्राईड राईस, दोघांत. बेबा दरवेळी काहीतरी खोड काढायची आणि प्लेट पुसून खायची. सावद्याच्या केळीवाल्यांची मुलगी ती, तिखटाला कधी मागे हटली नाही. जन्मभर ती चुलीपुढे उभी, आणि इथे दुसरी बाई चुलीपुढे उभी राहून हिला वाढायची. त्यातच तिला निम्मी चव लागत असावी. खाऊन झालं की ती उठून कढईजवळ जायची आणि रत्नाशी बोलत बसायची. मी पेपर वाचायचो. काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही. ड्रायव्हरने मागे काय चाललंय ते ऐकू नये.

एवढं सगळं मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "कढई पाह्यशिवाय मी काय बोलाव नही."

संध्याकाळी तिला घेऊन गेलो. दारावर पाटी होती, 'पितरपाटामुळे नॉनव्हेज बंद'. गिऱ्हाईक म्हणजे एका टेबलावर दोन माणसं नूडल्स ओढत होती. रत्ना रिकामीच उभी होती. अक्काने आधी कढईत वाकून पाहिलं, मग सॉसची बाटली हुंगली.

"हाई काजळ शे का?"

"सोया सॉस, आक्का. सोयाबीनचं असतं."

"आन हाई पांढरं?"

"कॉर्नफ्लॉवर. मक्याचं पीठ."

"म्हंजे वावरमाच पिकस बठ्ठं," अक्का म्हणाली, जरा निराशच झाली. मग तिने रत्नाला नीट पाहिलं. कपाळावर मोठी टिकली, गळ्यात काळी पोत, हिरव्या बांगड्या, पायात जोडवी.

"मालक कोठे शे?"

"सुरतला असतात."

"पोरंसोरं?"

"एक मुलगी. भाविका. कॉलेजात आहे."

"नवमीले कोठे बोलावणं शे?"

रत्ना हसली. "मला कोण बोलावणार आक्का? मी अशी कढईवर."

"मंग काम व्हयनं," अक्का म्हणाली. "परवा सकायपाशी काही खाऊ नको. आम्हना घर सवासिन म्हणीसन ये. बेबानं पान शे."

रत्नाच्या हातातला झारा तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नूडल्सवाल्या माणसांकडे. ती माणसं आता खायची थांबून आमच्याकडेच बघत होती. "बरं," ती म्हणाली.

परत येताना अक्का खूश होती. कॉलनीभर फोन करून जे मिळालं नाही ते तिने एका चायनीजच्या दुकानात मिळवलं होतं. मंचुरियन आणि सवाष्ण एकाच ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी झाडांना पाणी देत होतो. रत्ना आली. आत यायला तयार नव्हती.

"नाना, मला नका बोलवू उद्या."

"का? तब्येत?"

"मी सवाष्ण नाही."

मी नळी खाली ठेवली. ती हळूच बोलत होती, पण सरळ. अभिमन, तिचा नवरा, सुरतच्या मिलमध्ये कामाला होता. भाविका पहिलीत असताना तिथेच काविळीने गेला. रत्ना मुलीला घेऊन धुळ्याला आली आणि दुकान टाकलं.

"आधी कपाळ मोकळंच ठेवायचे," ती म्हणाली. "मग संध्याकाळी एकेक जण खाऊन झालं तरी उठेना. ताई एकट्याच असता का, म्हणायचे. जागेचे मालकही येऊन बसायला लागले. एकदा काकूंनी ते पाहिलं. पुढच्या बाजाराला पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, लाव. कोणी विचारलं तर नवरा सुरतला आहे म्हण. खोटं कुठे आहे, तिथेच तर आहे तो."

हे बेबाचंच बोलणं. मला ऐकू आलं.

"बांगड्याही त्यांनीच आणल्या. एखादी फुटली की दुसरी आणून द्यायच्या."

बाजारात बेबा बांगड्या घ्यायची तेव्हा मला वाटायचं, पुनमसाठी घेते.

"तुमचं पान वाया जाईल नाना," रत्ना म्हणाली. "आक्कांना खरं सांगावं तर तेही भ्या वाटतं. त्या नाही बोलणार, पण भिंतींना कान असतात. गल्लीत झालं की दुकानापर्यंत येईल."

मी विचार केला. शास्त्र मला कळत नाही. चुकलं तर बेबा उपाशी राहील, ही धास्ती मला होतीच. पण दुसरीकडे काय होतं? कोकिळा वहिनी आणि बोटाला लावलेली खीर. वहिनींचा नवरा नाशिकहून येऊ शकतो आणि येत नाही. हिचा येऊच शकत नाही. येता आलं असतं तर आला असता. या दोघींत नवमीला पहिली चालते आणि दुसरी चालत नाही, हे ज्याने ठरवलं त्याने दोघींपैकी कोणालाच पाहिलेलं नसावं.

"बेबा जेवायला कोणाकडे यायची?" मी विचारलं.

"माझ्याकडे."

"मग उद्याही तुझ्याकडूनच जेवेल. ये तू."

"आणि पाप?"

"मला लागू दे."

"बोलावलंय आक्कांनी."

"मग अक्काला लागू दे. तिच्याकडे पुण्य शिल्लक आहे."

तेव्हा ती थोडी हसली आणि गेली.

नवमीला ती दुपारी आली. नवी कढई आणून, सकाळपासून उपाशी राहून, तिने मंचुरियन केलं होतं. डबा तिने पुनमच्या हातात दिला आणि स्वतः पाटावर बसली. म्हणजे रांधणारीही तीच आणि जेवणारीही तीच. दुकानात तसं तिचं रोजचंच आहे. इथे फक्त मधे पाय धुवायचे होते.

पाय पुनमने धुतले. हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. अक्का विधवा, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली नाही. तिथूनच ती पूर्ण कार्यक्रम चालवत होती. "पाटनी बाजूले रांगोळी. नारय सरळ धर. पदरमा टाक." स्वतः शिवायचं नाही, पण बाकीच्यांच्या हाताला चुकू द्यायचं नाही. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो. माझा मुलगा भूषण ऑफिसला गेला होता, ते बरंच झालं. त्याला फार प्रश्न पडतात.

पान वाढलं. रत्नाने हात जोडले आणि घास उचलणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "थांब. आधी नाव ले मालकनं."

नवमीला नाव घ्यायची पद्धत आमच्याकडे कधी पाहिली नव्हती. अक्काने ती तिथेच काढली. पुनमला मजा वाटली. "घ्या ना ताई."

रत्नाने पानाकडे पाहिलं. थोडी थांबली. मग म्हणाली,

"जाळावर कढई, कढईत झारा,
अभिमनरावांचं नाव घेते, बेबाकाकूंना विचारा."

पुनम खळखळून हसली. "आईंना काय विचारा?" अक्का हसली नाही. "जेव आते," एवढंच म्हणाली.

आणि रत्ना जेवली. कोकिळा वहिनींसारखं नाही, भूक लागलेल्या माणसासारखं. वडे कढीत बुडवून खाल्ले, भाजी मागून घेतली. मंचुरियनचा घास घेतला, चावला, आणि पुनमला म्हणाली, "कोबी जाड चिरलाय."

मी उठून अंगणात गेलो. नळ सुरू करून तोंड धुतलं. परत आलो तेव्हा कोकिळा वहिनी आल्या होत्या. तीन घरं आटोपून, शब्द दिला होता म्हणून तोंड दाखवायला. पुनमने त्यांच्याही हातात ताटली दिली. त्या रत्नाच्या शेजारी टेकल्या.

पुनमला त्या दिवशी फारच बोलावंसं वाटत होतं. "रत्नाताई, दादा दिवाळीला येतील ना? आम्ही तर त्यांना कधी पाहिलंच नाही."

रत्नाचा हात पानातच थांबला.

"पाहिलं नाही कसं?" कोकिळा वहिनी म्हणाल्या. "परवाच तर होते बाजारात. उंच, सावळेसे. मला वहिनी म्हणून हाक मारली त्यांनी."

"हो?" पुनम म्हणाली.

"मग काय. घाईत होते. या माणसांचं असंच, येतात कधी, जातात कधी." वहिनींनी वडा मोडला आणि न खाता ताटलीतच ठेवला. रत्नाने त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "नाना, पाणी द्या हो जरा. शुगरची गोळी राहिली."

अभिमन धुळ्यात कधी राहिलेलाच नव्हता.

पान रिकामं झालं. रत्नाने अक्काला लांबूनच वाकून नमस्कार केला. अशा वेळी अक्का ठरलेला आशीर्वाद देते, तो आम्हा सगळ्यांना पाठ आहे, अखंड सौभाग्याचा. त्या दिवशी म्हणाली, "सुखी ऱ्हाय, माय." मला वाटलं, दिवसभर उभी राहून थकली.

नंतर आम्ही जेवलो. अक्काने मंचुरियन आधी बोटाने दाबून पाहिलं, मग एक खाल्लं, मग डबा जवळ ओढून घेतला. "फुनकाच शे," म्हणाली. पुनमने पानाचा आणि रत्नाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, आमच्या सवाष्ण. संध्याकाळपर्यंत दोन घरांतून विचारणा आली, पुढच्या वर्षी त्या मोकळ्या आहेत का.

दुसऱ्या दिवशी अक्काला भडगावच्या गाडीत बसवायला गेलो. गाडी लागली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. अक्काने खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ती बाई सवासिन नही शे."

मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. "तुले कोणी सांगं?"

"कोणी कसाले सांगी? तिनी नाव लिधं तवय समजनं. जिता नवरानं नाव बाई लाजीसन लेस, नही ते हासीसन. ती थांबनी, मंग लिधं. मी बी तसंच लेस, घरमा कोणी नही ऱ्हायनं म्हंजे."

अक्का एकटी असताना भाऊजींचं नाव घेते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मंग तवयच का नही बोलनी?"

"पान वाढेल व्हतं. जेवाले बठेल बाईले उठाडतस का?" ती म्हणाली. "आन तू तरी माले कोठे सांगं? चोरना मायक खुर्चीवर बठेल व्हता."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "मंग बेबाले पोचनं का पान?"

अक्काने पदर नीट केला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, कारण ती नाही म्हणाली असती तर मला दुसरं कोणाला विचारायला जागा नव्हती.

"पोटभर जेवनी ती," अक्का म्हणाली. "काहीच टाकं नही पानमा. पोचाले आखो काय लागस?"

ड्रायव्हर आला, कंडक्टरने दार ओढलं. गाडी मागे घेताना मी सवयीने मागचा रस्ता मोकळा आहे का ते पाहिलं आणि हात दाखवला. अक्काने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पुढला साल बी तिलेच सांगी ठेव," ती म्हणाली. "आतेपासून. नहीतर ती बी बुक व्हई जाई."